टेबल माझं, कागद पक्षकाराचे

वकिलाच्या टेबलावर जे कागद असतात, त्यांतले बहुतेक त्याचे स्वतःचे नसतात. कोणाचं खरेदीखत असतं, कोणाच्या वडिलांचा मृत्यूचा दाखला असतो, कोणाचे जुने सातबारे आणि फेरफार असतात, तर कोणाला आदल्याच दिवशी बेलीफाने बजावलेलं समन्स असतं. आणून देणाऱ्याने ते घरी ट्रंकेच्या तळाशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, पावसापाण्यापासून आणि भाऊबंदांपासून जपलेले असतात. हातात देताना तो एकदा तरी विचारतो, "नीट ठेवाल ना?" मी प्रत्येकाला "हो" म्हणत आले. ते "हो" पाळण्यासाठी काय करावं लागतं, हे मात्र मी वकिली सुरू केल्यावर बऱ्याच वर्षांनी शिकले, आणि शिकले ते पक्षकारांचं नुकसान करून.

मी तालुक्याच्या कोर्टात दिवाणी कामं करते. वाटपाचे दावे, हद्दीचे वाद, वहिवाटीचे रस्ते, घराचा ताबा. कायद्याच्या अभ्यासात मी कधी आळस केला नाही. निकालपत्रं वाचायची, युक्तिवादाची टिपणं काढायची, उलटतपासणीचे प्रश्न लिहून काढायचे, हे सगळं मनापासून केलं. पण आपलं दिसणं आणि आपलं टेबल या दोन गोष्टी मला वरवरच्या वाटायच्या. ज्याच्या डोक्यात कायदा पक्का आहे, त्याने कोटाच्या इस्त्रीत वेळ का घालवावा, असा माझा सवाल असायचा.

माझ्या या समजुतीला एक कारण होतं आणि ते मी आजही पूर्ण चुकीचं मानत नाही. मी वकिली सुरू केली तेव्हा आमच्या बारमध्ये स्त्रिया मोजक्याच होत्या. पुरुष वकिलाच्या युक्तिवादावर चर्चा व्हायची आणि आमच्या साडीवर, केसांवर, टिकलीवर शेरे यायचे. त्याचा मला संताप यायचा. म्हणून मी ठरवलं की कपड्यांकडे लक्षच द्यायचं नाही. सुरकुतलेला कोट, धुऊन पिवळट पडलेला बॅन्ड, कसेतरी वर बांधलेले केस. यालाच मी माझं स्वातंत्र्य समजत होते. चूक इथे झाली. लोकांनी माझ्या कपड्यांकडे पाहू नये अशी माझी इच्छा होती, आणि माझ्या वागण्याने मी त्यांना कपड्यांकडेच पाहायला लावत होते.

वकिलाचा गणवेश नेमका यासाठीच ठरवलेला आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत काळा कोट, पांढरी कॉलर, पांढरे बॅन्ड आणि गाऊन यांचा तपशील दिला आहे. स्त्रियांसाठी पांढरी, काळी किंवा सौम्य रंगाची, नक्षी नसलेली साडी किंवा पंजाबी ड्रेस चालतो. सर्वोच्च आणि उच्च न्यायालय सोडून इतरत्र गाऊन सक्तीचा नाही, आणि त्याच दोन ठिकाणांखेरीज उन्हाळ्यात कोटाचीही सक्ती नाही. वकिलाच्या वर्तणुकीच्या नियमांत आणखी एक अट आहे: कोर्टात नेहमी ठरलेल्या पोशाखातच आलं पाहिजे आणि दिसणंही नीटनेटकं असलं पाहिजे. गरीब घरातला नवखा वकील आणि तीन पिढ्यांची वकिली असलेला वकील न्यायाधीशांपुढे एकसारखे दिसतात ते या गणवेशामुळे. गणवेश धड असला की त्याकडे कोणाचं लक्ष जात नाही आणि सगळं लक्ष मुद्द्याकडे जातं. मला जे हवं होतं ते या गणवेशातच होतं. मी मात्र त्यालाच झिडकारत होते.

माझ्या या बेफिकिरीची पहिली मोठी किंमत एका म्हाताऱ्या बाईंनी मोजली. त्यांच्या घराकडे जाणारी वहिवाटीची बोळ होती. शेजाऱ्याने तिच्या तोंडाशी विटा आणून टाकल्या होत्या. तिथे भिंत उभी राहिली असती तर आजींना मागच्या ओढ्याकडून वळसा घालून घरी जावं लागलं असतं. मी दावा दाखल केला, सोबत तूर्तातूर्त मनाईचा अर्ज दिला. कागद चांगले होते, जुना नकाशा होता, फोटो होते. अर्जावर युक्तिवाद करायचा त्या दिवशी सकाळी मी कोर्टात पोहोचले आणि बॅग उघडली, तर बॅन्ड नाही. आदल्या संध्याकाळी तो कुठे काढून टाकला हे मला आठवेना. कनिष्ठ न्यायालयात बॅन्डऐवजी काळा टाय चालतो, तोही माझ्याकडे नव्हता. मी बाररूममध्ये धावले. एकेकाला विचारत सुटले. शेवटी एका मैत्रिणीने तिच्या बॅगेतला जास्तीचा बॅन्ड दिला. तो बांधून मी कोर्ट हॉलच्या दाराशी आले तेव्हा आजी बाहेर व्हरांड्यात उभ्या होत्या.

"वकीलबाई, पुकारा झाला," त्या म्हणाल्या. "मी आत गेले. साहेबांनी इचारलं, तुमचा वकील कुठंय? मला काय सांगावं कळंना."

त्या दिवशी बोर्ड, म्हणजे कोर्टाच्या दिवसाच्या कामांची यादी, भरगच्च होता. जेवणाच्या सुट्टीनंतर एका जुन्या दाव्यात उरलेला सगळा वेळ साक्ष चालणार होती. मी उभी राहून विनंती केली. न्यायाधीशांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढची तारीख दिली. रोजनाम्यात एक ओळ लिहिली गेली की पुकाऱ्याच्या वेळी वादीचे वकील गैरहजर. ती ओळ खरी होती. पुढची तारीख येईपर्यंत शेजाऱ्याने भिंत उभी केली. न झालेलं बांधकाम थांबवायला मनाई मागता येते. झालेलं बांधकाम पाडायचं तर आज्ञात्मक मनाई मागावी लागते, आणि दाव्याच्या सुरुवातीलाच ती देताना कोर्ट फार सावध असतं. दुरुस्ती अर्ज, कोर्ट कमिशनर, स्थळपाहणी असं सगळं करत तो दावा वर्षानुवर्षं चालला. भिंत शेवटी पडली. तोवर आजी ओढ्याकडच्या वाटेने जात राहिल्या आणि एका पावसाळ्यात तिथे पडल्या. एका बॅन्डला काही फार पैसे पडत नाहीत. माझ्याकडे तसे दोन असते, एक घरी आणि एक ऑफिसात, तर त्या सकाळी मी जागेवर असते.

वकिलाच्या पोशाखाचा भुर्दंड पक्षकाराला कसा पडतो, याचं एक उदाहरण सगळ्या देशाने पाहिलं आहे. टाळेबंदीच्या काळात, एप्रिल 2020 मध्ये, राजस्थान उच्च न्यायालयात जामीन अर्जावर व्हिडिओवरून सुनावणी होती. वकील बनियनवर कॅमेऱ्यापुढे आले. न्यायमूर्तींनी नाराजी नोंदवून सुनावणी पुढे ढकलली. त्यानंतर मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने व्हिडिओ सुनावणीपुरती कोट आणि गाऊनची अट शिथिल केली, पण पांढरा शर्ट, सलवार-कमीज किंवा साडी आणि गळ्याला बॅन्ड एवढं कायम ठेवलं. ती बातमी वाचताना माझ्या मनात त्या वकिलांपेक्षा ज्याचा जामीन अर्ज होता तोच आला. वकिलाने अंगात शर्ट घातला नाही आणि अशिलाची तारीख पुढे गेली. अशिलाची त्यात काय चूक?

दुसरी चूक टेबलाची. माझ्या टेबलावर फाइलींचे ढीग असायचे. ढिगांखाली डायरी, डायरीखाली झेरॉक्स, खिडकीच्या कट्ट्यावर सुटलेल्या गाठोड्यांतले कागद. कोणी काही म्हटलं की माझं उत्तर ठरलेलं असायचं, "मला माझ्या पसाऱ्यात सगळं बरोबर सापडतं." खरं सांगायचं तर बऱ्याचदा सापडायचंही. पण सापडायचं ते फक्त मला, आणि मी तिथे असेन तेव्हा. मी दुसऱ्या कोर्टात असताना कारकून काकांना एखादा उतारा हवा असला तर त्यांना माझी वाट पाहावी लागायची. ज्युनिअर मुली संध्याकाळचा निम्मा वेळ कागद हुडकण्यात घालवायच्या आणि उरलेल्या निम्म्यात थकून चुकीचे मसुदे करायच्या. त्यांना कायदा शिकवायचं मी कबूल केलं होतं. प्रत्यक्षात त्या माझ्याकडे ढीग उपसायला शिकत होत्या.

याहून वाईट म्हणजे तो ढीग मला मनातून आवडायचा. पक्षकार आत आला की त्याची नजर आधी टेबलाकडे जाते. फाइलींचे थर पाहून त्याला वाटतं, बाईंकडे काम जोरात आहे. ही समजूत मी जोपासली. निकाल लागलेल्या, परत करायच्या किंवा कपाटात जायच्या फाइलीही टेबलावर राहू दिल्या. वकिली चालते आहे असं दाखवण्यासाठी मी दुसऱ्यांची दुःखं मांडून ठेवली होती, हे आज लिहितानाही जड जातं.

त्या ढिगात एक नक्कल गेली. आमच्या एका पक्षकाराविरुद्ध घराच्या परसाचा ताबा देण्याचा हुकूमनामा झाला होता. कनिष्ठ स्तर न्यायालयाच्या हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात अपील करायला मुदत कायदा, 1963 प्रमाणे 30 दिवस मिळतात. नक्कल मिळवण्यात गेलेले दिवस त्यातून वजा होतात. म्हणून नकलेवर अर्ज कधी केला, नक्कल कधी तयार झाली आणि कधी घेतली, या तारखांचे शिक्के असतात. अपील करणाऱ्या वकिलाने नक्कल हातात आली की सगळ्यात आधी हे शिक्के पाहायचे, शेवटचा दिवस काढायचा आणि डायरीत लिहायचा. काकांनी नक्कल आणली, माझ्या टेबलावर ठेवली आणि मला सांगितलंही. मी एका साक्षीच्या तयारीत होते. "असू दे तिथेच, बघते," म्हणाले. संध्याकाळी कोणी तरी तिच्यावर दुसरी फाइल ठेवली. दुसऱ्या दिवशी त्या फाइलीवर तिसरी.

पक्षकार मधून मधून फोन करायचा. "अपिलाचं बघताय ना ताई?" "हो, नक्कल आली की लगेच." नक्कल हाताच्या अंतरावर पडलेली असताना मी हे सांगत होते. ती सापडली तेव्हा मुदत उलटून गेली होती.

मुदत उलटली म्हणजे सगळं संपलं असं नसतं. सबळ कारण असेल तर मुदत कायद्याच्या कलम 5 खाली विलंब माफ होतो. पण मधल्या काळात काय होतं, हे पक्षकाराला माहीत नसतं आणि वकिलाने विसरता कामा नये. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 41, नियम 3-अ प्रमाणे मुदतीबाहेरच्या अपिलासोबत विलंब माफीचा अर्ज द्यावा लागतो, आणि कोर्ट ते अपील ऐकायचं ठरवत नाही तोवर हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीला स्थगिती मिळत नाही. अपील वेळेत गेलं असतं तर पहिल्याच दिवशी स्थगितीचा अर्ज चालवता आला असता. तो मार्ग मी बंद करून बसले होते. समोरच्यांनी हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीची दरखास्त लावली होती.

विलंबाचं कारण काय लिहायचं, यावर मी आणखी एक चूक करायला निघाले होते. बरेच अर्ज एका साच्यातले असतात: पक्षकार आजारी होता, सोबत डॉक्टरांचा दाखला. मीही तसाच मसुदा केला. पक्षकाराला बोलावून वाचून दाखवला, कारण प्रतिज्ञापत्रावर सही त्याची होती. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "ताई, मी कुठं आजारी होतो? मी तर दर आठवड्याला तुम्हाला फोन करत होतो." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. शपथेवर खोटं लिहायचं का, एवढंच तो विचारत होता.

मी तो मसुदा फाडला. नक्कल वेळेत मिळाली होती, वकिलाच्या कार्यालयात ती इतर कागदांत गहाळ झाली, पक्षकार वेळोवेळी चौकशी करत होता, असं जसं घडलं तसं लिहिलं आणि स्वतःचं प्रतिज्ञापत्र जोडलं. सर्वोच्च न्यायालयाने 1981 मध्ये रफीक विरुद्ध मुन्शीलाल या प्रकरणात म्हटलं आहे की वकिलाच्या कसुरीचा फटका निर्दोष पक्षकाराला बसू नये, आणि त्या प्रकरणात खर्चाचा बोजा गैरहजर राहिलेल्या वकिलावर टाकला होता. मी त्याचा आधार घेतला. विलंब माफ झाला, विरुद्ध बाजूला खर्च द्यायच्या अटीवर. तो खर्च मी भरला. पण तोवर बेलीफ कब्जा वॉरंट घेऊन त्याच्या दारात येऊन गेला होता. हद्दीच्या मोजणीवरून जागेवरच वाद निघाला म्हणून त्या दिवशी ताबा गेला नाही. सगळ्या गल्लीसमोर त्याच्या बायकोने परसातली भांडी आत नेली, ते मात्र झालंच. त्याची भरपाई कोणत्या खर्चाच्या आदेशात बसते?

यानंतर मी सुधारायला निघाले आणि तिथेही चुकले. दिवाळीआधी ऑफिस रंगवून घेतलं. काचेचं नवं टेबल आणलं, सोफा आणला, भिंतीला कपाटं केली. टेबलावरचं सगळं उचलून कपाटांत भरलं आणि दारं लावली. ऑफिस चकाचक दिसायला लागलं, येणारे-जाणारे कौतुक करायला लागले, आणि कागद पूर्वीपेक्षा कमी सापडायला लागले. ढिगात निदान वरचं ते नवं एवढा तरी क्रम होता. कपाटांत तोही राहिला नाही. एका वाटपाच्या दाव्यात मोठ्या भावाचं मूळ खरेदीखत दुसऱ्याच फाइलीत गेलं. ते हाती लागेपर्यंत त्याला वाटत होतं की मी धाकट्याला फितूर झाले. कोंबून ठेवलेला पसारा हाही पसाराच असतो. तो डोळ्यांआड होतो, म्हणून त्याचा धोका जास्त.

आणखी एक चूक सांगते. तिच्यामुळे ओरडा कमी झाला, पण ती मला सर्वांत जास्त टोचते. परस्पर संमतीने घटस्फोट घेणाऱ्या एका जोडप्याची फाइल मी टेबलावर उघडी ठेवून आतल्या खोलीत फोन घ्यायला गेले. समोरच्या खुर्चीत त्यांच्याच गावचा एक माणूस आपल्या रस्त्याच्या कामासाठी बसला होता. अर्जातला मजकूर आठवड्याभरात गावभर झाला. त्या जोडप्यातल्या मुलीच्या वडिलांनी माझ्याकडे येऊन फक्त एवढंच विचारलं, "बाई, तुमच्याकडून गेलं का हो हे?" वकील आणि पक्षकार यांच्यातलं बोलणं गोपनीय असतं. पूर्वी 1872 च्या पुराव्याच्या कायद्यात ते संरक्षण होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 132 मध्ये आहे. मी तोंडाने कोणाला एक शब्द बोलले नव्हते. माझ्या टेबलाने सांगितलं होतं.

पोशाखाच्या बाबतीतही मी नंतर दुसऱ्या टोकाला गेले. स्वतः टापटिपीत राहायला लागले तसा त्याचा आग्रह पक्षकारांनाही करायला लागले. माझे एक पक्षकार वयस्कर शेतकरी होते, आयुष्यभर धोतर, सदरा आणि टोपी. साक्षीच्या दिवशी मी त्यांना सांगितलं, "चांगले कपडे घालून या, मुलाची पँट चालेल." ते तसे आले. पिंजऱ्यात उभे राहिल्यावर त्यांचा एक हात सारखा कमरेला जायचा, पट्टा वर ओढायचा. टोपी नसलेल्या डोक्यावरून ते पुनःपुन्हा हात फिरवायचे. उलटतपासणीत बांधाच्या दिशा विचारल्या, तेव्हा जन्मभर कसलेल्या रानाच्या पूर्व-पश्चिमेत ते अडखळले. त्यांचं रोजचं धुतलेलं धोतर अंगावर असतं तर ते त्या रानात उभे असल्यासारखे बोलले असते. स्वच्छ असणं आणि परक्या कपड्यांत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आता मी पक्षकारांना एवढंच सांगते की रोजचे कपडे धुऊन, नीट घालून या, आणि पोटभर जेवून या.

या सगळ्यातून जे शिकले ते साधं आहे. बहुतेक गोष्टी मला काकांनी शिकवल्या. ते माझ्या आधी एका जुन्या वकिलांकडे काम करत होते आणि तिथली शिस्त त्यांच्या हातात होती. मी कधी विचारलंच नव्हतं म्हणून त्यांनी सांगितली नव्हती.

मूळ कागद ऑफिसात मुक्कामाला ठेवायचा नाही. पक्षकार बसलेला असतानाच झेरॉक्स काढायची, मूळ त्याच्या हातात परत द्यायचं, कोर्टात दाखल करायचं असेल त्याच दिवशी आणायला सांगायचं. ठेवून घ्यावंच लागलं तर कोणते कागद घेतले याची यादी दोन प्रतींत करायची आणि एक प्रत सही करून त्याला द्यायची. फाइलीच्या कव्हरवर दावा क्रमांक, पक्षकारांची नावं आणि पुढची तारीख, आणि आतल्या पहिल्या पानावर अनुक्रमणिका. मुदतीची वही वेगळी. समन्स मिळाल्यापासून कैफियत देण्याचे 30 दिवस, जे फार तर 90 पर्यंत वाढतात, अपिलाचे 30 दिवस, असं काहीही आलं की टेबलावर ठेवण्याआधी वहीत. त्या फाइलीला लाल चिठ्ठी. रोज सकाळी ती वही माझ्याआधी काका वाचतात.

टेबलावर एका वेळी एकच फाइल उघडी. कोणी आत आलं की ती मिटायची. संध्याकाळी निघण्याआधी टेबल पूर्ण मोकळं करायचं, दुसऱ्या दिवशीच्या फाइली बोर्डाच्या क्रमाने बॅगेत भरायच्या. बॅन्डचे जोड घरी, ऑफिसात आणि बॅगेत. कोट रात्रीच खुंटीला, सकाळी शोधायचा नाही.

संगणक आणि फोन आल्याने पसारा संपला असं समजू नये. ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर प्रत्येक प्रकरणाचा सोळा अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख आणि आदेश दिसतात, ही फार मोठी सोय आहे. पण पक्षकार आता समन्सचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात आणि तो वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडला जातो. फोनवरचा तो ढीग माझ्या जुन्या टेबलापेक्षा वेगळा नाही. आलेला फोटो त्याच वेळी छापून फाइलीत लावायचा, नाहीतर दावा क्रमांकाचं नाव देऊन त्याच्या फोल्डरात टाकायचा. "नंतर बघते" हे वाक्य आमच्या ऑफिसात बंद केलं आहे, माझ्यापासून सुरुवात करून.

याने कामावर काय फरक पडला? संध्याकाळचा जो वेळ शोधाशोधीत जायचा तो आता ज्युनिअर मुलींचे मसुदे तपासण्यात जातो, आणि त्या पूर्वीपेक्षा लवकर घरी जातात. मी कोर्टात असताना काका कोणालाही हवा तो कागद काढून देऊ शकतात. टेबल नीट आहे की नाही हे ओळखायची माझी कसोटी तीच आहे: मी तिथे नसताना दुसऱ्याला कागद सापडतो का? टेबल सुंदर दिसतं की नाही याला महत्त्व नाही. ज्याच्याशिवाय काहीच सापडत नाही, तो माणूस कामाला फार आवश्यक आहे असं त्याला वाटत असतं. खरं तर त्याने कामाला वेठीला धरलेलं असतं. मी तसं धरलं होतं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. इस्त्रीचा कोट आणि रिकामं टेबल यांनी दावा जिंकता येत नाही. अभ्यास नसलेला टापटीप वकील पक्षकाराला बुडवतोच. पण अभ्यास असूनही मी पक्षकारांना त्रास दिला, कारण तो अभ्यास वेळेवर, योग्य कागदासह, कोर्टापुढे उभा करायची शिस्त माझ्याकडे नव्हती. माझ्या चुकांत कायद्याचं अज्ञान एकदाही नव्हतं. प्रत्येक वेळी एक वस्तू जागेवर नव्हती.

तलाठी असो, शाळेचा लिपिक असो, दवाखान्यात रिपोर्ट सांभाळणारा असो की विम्याचा प्रतिनिधी, ज्याच्या टेबलावर दुसऱ्याचे कागद येतात त्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. आज घरी निघण्यापूर्वी टेबलावर दुसऱ्याचा कोणता मूळ कागद पडला आहे ते बघा. ज्याचा असेल त्याला फोन करा आणि तो परत न्यायला बोलवा. उद्यावर टाकू नका.